एन्क्रिप्शन किल्ल्या आणि सर्टिफिकेटं सांभाळायला क्लाउड सुरक्षा तज्ज्ञ नेमताना: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि आसपासची हॉस्पिटलं, सॉफ्टवेअर कंपन्या, ट्रान्सपोर्टवाले, कोचिंग क्लासेस आणि सहकारी संस्था यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः एडब्ल्यूएसची (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेची) घेतली आहेत; अझूर (मायक्रोसॉफ्टचं क्लाउड) किंवा गूगल क्लाउडवर काही नियम वेगळे असू शकतात.

१. एन्क्रिप्शन किल्ली आणि सर्टिफिकेट या वेगळ्या गोष्टी आहेत का? एकच माणूस दोन्ही सांभाळू शकतो का?

वेगळ्या आहेत, पण एकच माणूस सांभाळू शकतो आणि लहान संस्थेत तसंच असावं. किल्ली साठवलेला डेटा कुलूपबंद करते: डेटाबेस, बॅकअप, रुग्णांचे रिपोर्ट, केवायसीची कागदपत्रं. सर्टिफिकेट सांगतं की समोरचा सर्व्हर खरोखर तुमच्याच डोमेनचा आहे, आणि त्याच्या आधारे ब्राउझर व सर्व्हरमधली देवाणघेवाण एन्क्रिप्ट होते. प्रत्येक सर्टिफिकेटमागेही एक प्रायव्हेट की (गुप्त किल्ली) असतेच.

खरा फरक बिघाडात कळतो. सर्टिफिकेट संपलं की साइट त्याच क्षणी बोंबलते, पण नवं बसवलं की पुन्हा सुरू होते. किल्ली गेली तर त्या दिवशी कदाचित कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि डेटा मात्र कायमचा जातो. म्हणून माणूस निवडताना किल्लीच्या बाजूचं ज्ञान आधी तपासा.

२. आमच्याकडे सर्व्हर बघणारा मुलगा आहे. वेगळा तज्ज्ञ खरंच लागतो का?

एकच वेबसाइट असेल, होस्टिंगवालाच सर्टिफिकेट लावून देत असेल आणि कोणाचा खासगी डेटा साठत नसेल, तर नाही. त्याच मुलाला दोन-तीन दिवसांचं मार्गदर्शन मिळालं तरी भागेल.

पुढचं चित्र असेल तर मात्र लागतो: एकाहून जास्त क्लाउड खाती, मोबाइल अ‍ॅप आणि त्याच्या मागचा एपीआय (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायची वाट), बँकेशी किंवा विमा कंपनीशी थेट जोडणी, रुग्णांचा वा कर्जदारांचा डेटा. आणखी एक खूण म्हणजे मोठ्या ग्राहकाने पाठवलेली सुरक्षा प्रश्नावली. ‘किल्ल्यांचे अधिकार कोणाकडे आहेत, त्या किती दिवसांनी बदलता, पुरावा द्या’ अशा ओळी त्यात असतात. त्या रकान्यात ‘होय’ लिहून सही करणं सोपं आहे. पुढच्या ऑडिटमध्ये त्याच सहीचा जाब द्यावा लागतो.

३. सर्टिफिकेटची मुदत कमी होत चालली आहे म्हणतात. नेमकं काय बदलतंय?

ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये वेळापत्रक मंजूर केलं. सार्वजनिक टीएलएस सर्टिफिकेटची (म्हणजे वेबसाइटच्या सर्टिफिकेटची) कमाल मुदत आधी ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. डोमेन तुमचंच असल्याची एकदा केलेली पडताळणी पुन्हा वापरण्याची मुभाही घटत जाऊन २०२९ मध्ये १० दिवसांवर येते.

हिशेब करा. ४७ दिवसांचं सर्टिफिकेट साधारण महिन्याला एकदा बदलावं लागतं. वीस सर्टिफिकेटं असतील तर वर्षाला दोनशे चाळीसच्या आसपास बदल. एक्सेलमध्ये तारखा लिहून आणि कॅलेंडरला रिमाइंडर लावून हे निभत नाही. माणूस नेमायचा तो सर्टिफिकेटं बदलत बसायला नव्हे, ती आपोआप बदलतील अशी व्यवस्था उभी करायला. त्यातही लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने ४ जून २०२५ पासून मुदत संपत आल्याचे ईमेल पाठवणं बंद केलं आहे, त्यामुळे ‘मेल येईलच’ या भरवशावर बसलेल्यांनी आधी स्वतःची देखरेख लावावी.

४. टेंडर आणि जीएसटीसाठी आमची डीएससी काढून देणारे हेच काम करतील ना?

नाही. डीएससी म्हणजे माणसाच्या डिजिटल सहीचं प्रमाणपत्र. ते माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली परवाना असलेल्या संस्था देतात आणि ते यूएसबी टोकनमध्ये मिळतं. वेबसाइटचं सर्टिफिकेट वेगळ्या साखळीतून येतं आणि त्याचे नियम ब्राउझरवाले ठरवतात. टोकन काढून देणाऱ्याला क्लाउडवरच्या किल्ल्यांचं ज्ञान असेलच असं नाही.

एक गोष्ट मात्र दोन्हींकडे सारखी लागू पडते. संचालकाचं टोकन आणि पिन अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची सवय अनेक कार्यालयांत आहे. तीच सवय क्लाउडच्या किल्ल्यांना लागली तर नुकसान फार मोठं होतं.

५. पूर्णवेळ नोकरीवर ठेवू, कंत्राटावर घेऊ की एजन्सीला देऊ?

किल्ल्या आणि सर्टिफिकेटं एवढंच काम वर्षभर पुरेल अशा संस्था थोड्या. पन्नास-साठ लोकांच्या कंपनीसाठी आमचा सल्ला असा: सहा ते आठ आठवड्यांचं कंत्राट देऊन व्यवस्था उभी करून घ्या, आणि नंतर महिन्याला एक-दोन दिवसांची देखभाल ठेवा. त्याच वेळी घरातला एक माणूस त्याच्या बरोबरीने बसवा. पूर्णवेळ माणूस तेव्हा घ्या, जेव्हा क्लाउड सुरक्षेची बाकी कामंही (अधिकारांची मांडणी, लॉग, ऑडिटची उत्तरं) त्याच्याकडे देता येतील.

एजन्सी घेतलीत तर प्रत्यक्ष काम करणारा माणूस कोण, हे करारात नावानिशी येऊ द्या. सादरीकरणाला अनुभवी माणूस येतो आणि कामाला नवखा, हे फार होतं. क्लाउड खातं एजन्सीच्या नावावर उघडू देऊ नका. किल्ली खात्याला बांधलेली असते. खातं त्यांचं म्हणजे किल्ली त्यांची.

६. नागपुरात असा माणूस मिळतो का, की पुण्या-मुंबईहूनच आणावा लागतो?

मिळतो. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, परसोडीच्या आयटी पार्कात लहान कंपन्या आहेत, व्हीएनआयटी आणि ट्रिपल आयटीमधून मुलं बाहेर पडतात, आणि बंगळूरच्या कंपनीचं काम नागपुरातल्या घरून करणारेही आहेत. अडचण वेगळी आहे. मोठ्या कंपनीत काम केलेल्याने बऱ्याचदा एकाच टोकाचं काम केलेलं असतं: कोणी फक्त सर्टिफिकेटच्या विनंत्या मंजूर केल्या, कोणी फक्त अहवाल काढले. तुम्हाला लागतो तो पहिल्यापासून शेवटपर्यंत उभं केलेला. हे कसं ओळखायचं ते प्रश्न ८ मध्ये आहे.

गावातच माणूस हवा हा आग्रहही धरू नका. हे काम जवळपास पूर्ण दुरून होतं. प्रत्यक्ष हजेरी लागते ती हार्डवेअर टोकन ताब्यात देताना, सीलबंद पाकिटं करताना आणि ऑफिसमधल्या फायरवॉल-व्हीपीएनची सर्टिफिकेटं बसवताना. दोन-तीन फेऱ्यांत ते आटपतं.

७. दुसऱ्या कंपनीत नोकरीला असलेला मुलगा संध्याकाळी आमचं काम करतो म्हणतो. घ्यावं का?

त्याच्या कंपनीची लेखी परवानगी असेल तरच. नसेल तर त्याची नोकरी आणि तुमचा करार दोन्ही अडचणीत येतात. शिवाय कंपनीच्या लॅपटॉपवरून तो तुमच्या खात्यात शिरला, तर त्याच्या कंपनीच्या देखरेख यंत्रणेत तुमचे तपशील जातात. आणि दुपारी दोनला साइट पडली तर तो मीटिंगमध्ये असतो.

८. आम्हाला तांत्रिक काही कळत नाही. मुलाखतीत काय विचारायचं?

मुलाखतीआधी एक काम द्या. उमेदवाराला फक्त तुमचं डोमेन सांगा, कसलाही पासवर्ड नको, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत तुमच्या सगळ्या सार्वजनिक सर्टिफिकेटांची यादी मागा. ब्राउझरला चालणारी सर्टिफिकेटं सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सी लॉगमध्ये नोंदली जातात आणि तो लॉग कोणालाही पाहता येतो. जाणकार माणूस यादी तर आणतोच, वर सांगतो की ‘चाचणीसाठी काढलेलं हे उपडोमेन अजून उघडं दिसतंय, आणि तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या संस्थांची सर्टिफिकेटं आहेत’. एवढ्यावरून अर्धा निकाल लागतो.

मग समोर बसवून विचारा: ‘नवं सर्टिफिकेट आलं, तरी ब्राउझर जुनंच दाखवतो. पहिलं काय बघाल?’ कच्चा माणूस म्हणेल कॅशे साफ करा. पक्का माणूस आधी सर्व्हर प्रत्यक्ष कोणतं सर्टिफिकेट देतोय ते बघेल, मग सेवा रीलोड झाली का, पुढे लोड बॅलन्सर (येणारी गर्दी सर्व्हरांत वाटणारा) किंवा सीडीएन (साइटच्या प्रती जागोजागी ठेवणारी सेवा) आहे का, त्यावर वेगळं सर्टिफिकेट आहे का, हे विचारेल.

‘एका किल्लीवर कोणाकोणाचा अधिकार आहे हे कसं शोधाल?’ एडब्ल्यूएसवर याचं उत्तर तीन ठिकाणी असतं: किल्लीची स्वतःची पॉलिसी, खात्यातल्या आयएएम पॉलिसी (कोणत्या लॉगिनला काय करता येतं त्याचे नियम) आणि ग्रँट (एखाद्याला किल्ली वापरायची स्वतंत्रपणे दिलेली परवानगी). ग्रँट हा शब्द ज्याच्या तोंडून येत नाही, त्याने हे काम खोलात जाऊन केलेलं नाही.

‘एन्क्रिप्टेड डेटाबेसचा बॅकअप दुसऱ्या खात्यात उघडायचा आहे’ असंही विचारा. एडब्ल्यूएसच्या डिफॉल्ट किल्लीने बंद केलेला स्नॅपशॉट (डेटाबेसची त्या क्षणाची प्रत) दुसऱ्या खात्याला देता येत नाही. आधी तो स्वतः बनवलेल्या किल्लीने पुन्हा कॉपी करावा लागतो आणि त्या किल्लीचा अधिकार दुसऱ्या खात्याला द्यावा लागतो. हे उत्तर अडखळत आलं तरी चालेल, पण यायला हवं.

शेवटी सहज म्हणा, ‘आमच्या सर्टिफिकेटची प्रायव्हेट की व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, लावून द्याल?’ जो ‘पाठवा’ म्हणेल त्याला चहा पाजून निरोप द्या. प्रायव्हेट की जिथे वापरायची तिथेच तयार करायची, आणि बाहेर फक्त सीएसआर (सर्टिफिकेटसाठीची विनंती) पाठवायची, हे या कामाचं पहिलं पथ्य आहे.

९. सीआयएसएसपी किंवा एडब्ल्यूएस सिक्युरिटीचं सर्टिफिकेशन नसेल तर नाकारायचं का?

नाही. सर्टिफिकेशन (सुरक्षा तज्ज्ञांच्या परीक्षेचं प्रमाणपत्र) पायाभूत अभ्यास झाल्याचं सांगतं, हात चालतो का ते सांगत नाही. ग्राहकाच्या अटीत नाव घेऊन मागितलं असेल तरच सक्तीचं धरा.

१०. तज्ज्ञ पहिल्याच दिवशी रूट खात्याचा पासवर्ड मागतो. द्यावा का?

देऊ नका. या पानावरच्या सगळ्या उत्तरांत हे सर्वांत महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रूट खातं (क्लाउडवरचे सगळे अधिकार असलेलं मूळ खातं) मालकाचं. त्याचा ईमेल कोणाच्या वैयक्तिक जीमेलवर नको. कंपनीच्या डोमेनवरचा, दोन जबाबदार माणसांना पोचणारा पत्ता हवा. त्यावर हार्डवेअर सिक्युरिटी की लावा. एडब्ल्यूएस रूटला आठपर्यंत एमएफए उपकरणं (पासवर्डखेरीज दुसरी ओळख पटवणारी) जोडू देतं, म्हणून निदान दोन जोडा: एक कार्यालयाच्या तिजोरीत, एक बँकेच्या लॉकरमध्ये. मालकाच्या फोनवरच्या अ‍ॅपवर सगळं ठेवलं आणि फोन हरवला किंवा बिघडला, की खातं परत मिळवण्यात दिवस जातात.

तज्ज्ञाला त्याच्या स्वतःच्या नावाचं लॉगिन द्या, एमएफए सक्तीचं ठेवा, आणि त्याला करार संपण्याची तारीख लावा. किल्लीचे अधिकार तीन भागांत तोडा. किल्लीची व्यवस्था पाहणारा: पॉलिसी लिहितो, बदलाचं वेळापत्रक लावतो, पण तिने डेटा उघडू शकत नाही. किल्ली वापरणारा: हा बहुधा माणूस नसतोच, तुमचं अ‍ॅप्लिकेशन असतं. आणि किल्ली काढून टाकण्याचा अधिकार वेगळा, तिसऱ्याकडे, शक्यतो मालकाच्या संमतीनेच चालणारा.

अनेकांना वाटतं की तज्ज्ञाकडे किल्ली ‘असणार’. क्लाउडच्या केएमएसमध्ये (किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेत) बनवलेली किल्ली हार्डवेअरच्या बाहेर साध्या रूपात येतच नाही. तज्ज्ञ तिला पाहू शकत नाही, नक्कल करू शकत नाही. त्याच्याकडे असतात ते अधिकार, आणि अधिकार काढून घेता येतात. अपवाद एकच: बाहेर बनवून आत टाकलेली किल्ली. तिची मूळ प्रत कोणाकडे आहे ते विचारा आणि कागदावर घ्या.

कोणी काय केलं याचे लॉग वेगळ्या खात्यात जाऊ द्या, जिथे तज्ज्ञाला लिहायचा किंवा पुसायचा अधिकार नाही. चांगला तज्ज्ञ हे स्वतःच सुचवतो, कारण उद्या काही झालं तर तो लॉग त्याचीही बाजू मांडतो.

११. पहिल्या महिन्यात त्याने काय करून दाखवायला हवं?

यादी. किल्ल्या कोणत्या, कुठल्या रीजनमध्ये (क्लाउडच्या कोणत्या भागातल्या केंद्रात), कशाला वापरल्या जातात, मालक कोण. सर्टिफिकेटं कोणती, कुठे बसवली, कोणी दिली, कधी संपतात, बदल कसा होतो. क्लाउडबाहेरच्या गोष्टी इथे निसटतात: ऑफिसचं व्हीपीएन, बायोमेट्रिक हजेरीचा सर्व्हर, बुटीबोरीच्या प्लांटमधला जुना संगणक, आणि ज्याचं नाव कोणालाच आठवत नाही असं एक चाचणीचं व्हर्च्युअल मशीन. सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सी लॉगमध्ये न दिसणारी अंतर्गत सर्टिफिकेटं नेटवर्क स्कॅन करूनच सापडतात.

यादीबरोबर डोमेन कोणाच्या खात्यात नोंदलेलं आहे तेही यावं. वेबसाइट बनवणाऱ्या मुलाच्या नावावर डोमेन असेल, तर ते आधी संस्थेच्या नावावर करून घ्या. डोमेन ज्याच्या हातात, तो तुमच्या नावाचं सर्टिफिकेट काढू शकतो. डोमेन हातात आलं की डीएनएसमध्ये (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जातं त्या नोंदींत) सीएए नोंद टाकून घ्या. तिने कोणत्या संस्था तुमच्या डोमेनला सर्टिफिकेट देऊ शकतात ते मर्यादित होतं.

१२. पैसे कसे द्यायचे? आणि क्लाउडचं बिल किती वाढेल?

टप्प्यांनी द्या: यादी झाल्यावर एक हिस्सा, आपोआप बदलाची व्यवस्था चालू झाल्यावर दुसरा, आणि हस्तांतरण झाल्यावर शेवटचा. हस्तांतरणाची कसोटी अशी ठेवा की तुमच्या माणसाने तज्ज्ञाला न विचारता, फक्त लिहून दिलेल्या कागदावरून, एक सर्टिफिकेट बदलावं आणि एक एन्क्रिप्टेड बॅकअप उघडून दाखवावा. तोवर चौथा हिस्सा तरी राखून ठेवा. तज्ज्ञ जीएसटी नोंदणीकृत असेल तर रकमेवर १८ टक्के धरा.

क्लाउडचा खर्च किरकोळ असतो. एडब्ल्यूएसवर स्वतः बनवलेल्या एका किल्लीचं भाडं महिन्याला एक डॉलर, आणि दहा हजार विनंत्यांना तीन सेंट. बिल फुगतं ते विनंत्यांमुळे: लाखो छोट्या फाइली एस३ मध्ये (एडब्ल्यूएसच्या फाइल साठवणीत) केएमएसने बंद केल्या आणि बकेट की चालू केली नाही, की प्रत्येक फाइलमागे केएमएसला हाक जाते. हा एक पर्याय चालू केला की त्या विनंत्या प्रचंड घटतात.

१३. विकणारा म्हणतो स्वतःचं एचएसएम घ्या. घ्यावं का?

बहुतेकांनी घेऊ नये. एचएसएम म्हणजे किल्ल्या आत बंद ठेवणारं हार्डवेअर, आणि केएमएसच्या मागेही तेच असतं. स्वतंत्र एचएसएमचं भाडं तासावर चालतं, आणि एकाने भागत नाही. एक बंद पडलं तर दुसरं हवं, म्हणजे निदान दोन. नियामकाने किंवा ग्राहकाने लेखी मागितलं असेल, किंवा तुम्ही स्वतः सर्टिफिकेट देणारी यंत्रणा चालवत असाल, तरच विचार करा.

सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना एक गोष्ट लागू आहे: १ जून २०२३ पासून सार्वजनिक कोड सायनिंगची (सॉफ्टवेअरवर डिजिटल सही करण्याची) प्रायव्हेट की हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते. त्यासाठी टोकन किंवा क्लाउडवरची सायनिंग सेवा पुरते.

१४. किल्ली दरवर्षी बदलली की जुना डेटा पुन्हा एन्क्रिप्ट करावा लागतो का?

केएमएसच्या आपोआप बदलात लागत नाही. जुनी किल्ली आतमध्ये जपली जाते आणि जुना डेटा तिनेच उघडतो. नवा डेटा नव्या किल्लीने बंद होतो. कालावधी ९० ते २५६० दिवसांमध्ये ठेवता येतो, मूळचा एक वर्ष असतो.

पण याचाच अर्थ असा, की किल्लीचा गैरवापर झाल्याचा संशय असेल तर नुसता बदल पुरत नाही. तेव्हा पूर्ण नवी किल्ली बनवून डेटा तिने पुन्हा बंद करावा लागतो, आणि जुनीचे अधिकार काढावे लागतात. ‘रोटेशन चालू आहे’ एवढ्यावर निश्चिंत राहणारे इथे फसतात.

१५. आपोआप नूतनीकरण लावलं होतं, तरी साइट बंद पडली. असं का होतं?

सर्वांत नेहमीचं कारण: सर्टिफिकेट नवं झालं, पण सर्व्हरने ते उचललं नाही. रामदासपेठेतल्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबचं उदाहरण घ्या. रिपोर्टची लिंक एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर चालते, सर्टबॉट (सर्टिफिकेट आपोआप नवं करणारा प्रोग्राम) रात्री नवं सर्टिफिकेट डिस्कवर ठेवतो. एनजिनएक्सने मात्र सुरू होताना वाचलेलं जुनंच सर्टिफिकेट मेमरीत धरलेलं असतं. फोल्डरमध्ये तारीख नवी, ब्राउझरमध्ये जुनी. तीस दिवस हे चालतं, आणि एका सकाळी रिपोर्ट उघडणाऱ्या प्रत्येक रुग्णाला लाल इशारा दिसतो. उपाय एका ओळीचा आहे: नूतनीकरणानंतर सेवा रीलोड करणारा हुक लावणं. आणि देखरेख फाइलवर नको, बाहेरून जोडणी करून सर्व्हर काय देतो त्यावर हवी.

दुसरं कारण, कोणीतरी डीएनएस ‘साफ’ केलं. एडब्ल्यूएसच्या सर्टिफिकेट मॅनेजरला पडताळणीसाठी एक विचित्र दिसणारी सीनेम नोंद कायम लागते. ती कचरा समजून काढली जाते, आणि पुढचं नूतनीकरण अडतं. तिसरं, फायरवॉलवर ८० नंबरचा पोर्ट बंद केला आणि पडताळणी त्याच वाटेने होत होती. चौथं, वाइल्डकार्ड सर्टिफिकेट (सगळ्या उपडोमेनांना एकच चालणारं). लेट्स एन्क्रिप्टकडून ते घेताना पडताळणी डीएनएसनेच होते, आणि तुमचा डीएनएस पुरवठादार एपीआय देत नसेल तर दर वेळी हाताने नोंद टाकावी लागते. अशा वेळी डीएनएस हलवणं हाच खरा इलाज.

एक फसवी तक्रारही वारंवार येते: ‘लॅपटॉपवर उघडतं, अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये उघडत नाही’. त्यात बहुधा मधल्या संस्थेचं सर्टिफिकेट, म्हणजे साखळीतली मधली कडी, सर्व्हरवर लावायची राहिलेली असते. ब्राउझर ती स्वतः शोधून आणतो, अ‍ॅप आणत नाही.

१६. कोणी चुकून किल्ली डिलीट केली तर?

लगेच कळलं तर वाचते. एडब्ल्यूएस ७ ते ३० दिवसांचा थांबा ठेवतं आणि त्या काळात रद्द करता येतं. मूळ मुदत ३० दिवस आहे, ती कमी करू नका. अझूरच्या की व्हॉल्टमध्ये ७ ते ९० दिवस असतात, आणि ‘पर्ज प्रोटेक्शन’ चालू नसेल तर त्या काळातही पुसता येतं, म्हणून ते चालू करा. थांबा संपल्यावर किल्ली कोणीही परत आणू शकत नाही, क्लाउड कंपनीही नाही.

डिलीट करायच्या ऐवजी आधी किल्ली बंद करून काही महिने थांबावं. तिमाही अहवाल किंवा वर्षातून एकदा उघडणारा बॅकअप तिच्यावर अवलंबून असेल तर तो या काळात ओरडतो. तसंच, बंद केलेल्या किंवा डिलीटच्या वाटेवर असलेल्या किल्लीला कोणी हाक मारली की लगेच फोनवर इशारा यावा अशी सूचना लावून घ्या.

याच जातीचा दुसरा अपघात: पॉलिसी लिहिताना सगळ्यांचेच अधिकार काढून टाकणं. एडब्ल्यूएसवर मग खात्याच्या प्रशासकालाही किल्ली बदलता येत नाही, सपोर्टकडे जावं लागतं.

१७. डेटा मुंबई रीजनमध्ये आहे, बॅकअप हैदराबादला पाठवतो. मुंबई बंद पडली तर तो उघडेल का?

हैदराबादच्या किल्लीने बंद केला असेल तर उघडेल. किल्ली रीजनला बांधलेली असते. स्नॅपशॉटची कॉपी करताना तिथली किल्ली निवडावी लागते. अ‍ॅप्लिकेशनने स्वतः मुंबईच्या किल्लीने बंद करून फाइली पाठवल्या असतील, तर फाइली हैदराबादला आणि किल्ली मुंबईत, अशी गत होते. अशा कामासाठी मल्टी-रीजन किल्ली असते, पण ती पहिल्यापासून तशीच बनवावी लागते. साध्या किल्लीचं नंतर रूपांतर होत नाही. वर्षातून एकदा बॅकअप दुसऱ्या रीजनमध्ये प्रत्यक्ष उघडून बघा.

१८. हॉस्पिटल किंवा पतसंस्था असेल तर कायद्याने काय बंधन आहे?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ खाली सुरक्षेचे वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत एन्क्रिप्शन, मास्किंग, प्रवेशावर नियंत्रण आणि एक वर्षाचे लॉग यांचा उल्लेख आहे. मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतात. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सुरक्षा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात.

सहा तास फार थोडे असतात. कोण कळवणार, कोणत्या ईमेलवरून, मजकूर काय, हे तज्ज्ञाकडून आधीच लिहून घ्या. कळवण्याची जबाबदारी मात्र संस्थेची. ती करारात तज्ज्ञावर ढकलता येत नाही.

१९. प्रायव्हेट की गिटहबवर (कोड ठेवायच्या वेबसाइटवर) किंवा मेलवर गेली. काय करायचं?

फाइल पुसून उपयोग नाही. ती गेली असंच धरा. आधी नवी प्रायव्हेट की बनवून नवं सर्टिफिकेट बसवा, मग जुनं रद्द करायला सांगा. किल्ली फुटल्याचं सिद्ध झालं की सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला ते २४ तासांत रद्द करावंच लागतं. आधी कळवून बसलात आणि नवं तयार नसेल, तर साइट बंद.

चूक तुमची नसतानाही हे होऊ शकतं. जुलै २०२४ मध्ये डिजिसर्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला स्वतःच्या पडताळणीतल्या त्रुटीमुळे ८३ हजारांहून जास्त सर्टिफिकेटं रद्द करावी लागली आणि ग्राहकांना अगदी थोडा वेळ मिळाला. म्हणून तज्ज्ञाला विचारा: ‘आमची सगळी सर्टिफिकेटं एका दिवसात बदलता येतील का?’ आणि करून दाखवायला सांगा.

२०. तज्ज्ञ काम सोडून चालला आहे. काय काय बघायचं?

व्यवस्था प्रश्न १० प्रमाणे असेल तर एका दुपारचं काम आहे. त्याचं लॉगिन बंद, त्याने बनवलेल्या अ‍ॅक्सेस की बंद, डीएनएस आणि डोमेनच्या खात्यातून नाव काढणं, सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या पोर्टलवरचा संपर्क बदलणं. ग्रँट वेगळ्या तपासा. लॉगिन काढल्याने त्या जात नाहीत. नूतनीकरणाची स्क्रिप्ट त्याच्या वैयक्तिक लॉगिनखाली चालत असेल, तर लॉगिन बंद केल्याच्या दिवशी काही होणार नाही आणि पुढच्या नूतनीकरणाला साइट पडेल. म्हणून बंद करण्याआधी महिनाभरात त्या लॉगिनने कायकाय केलं ते लॉगमधून काढा.

२१. बँकेने आमच्याकडून क्लायंट सर्टिफिकेट मागितलं आहे. वेबसाइटचंच दिलं तर चालेल?

क्लायंट सर्टिफिकेट म्हणजे बँकेच्या सर्व्हरला तुमची ओळख पटवणारं. वेबसाइटचंच देणं आजवर बऱ्याच ठिकाणी चालून गेलं, पुढे चालणार नाही. सार्वजनिक सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आता त्या सर्टिफिकेटमधून क्लायंट म्हणून ओळख पटवण्याची परवानगी काढून टाकत आहेत, कारण ब्राउझरवाल्यांनी तसं सांगितलं आहे. लेट्स एन्क्रिप्टने यासाठी ११ फेब्रुवारी २०२६ ही तारीख जाहीर केली. वेबसाइटचं सर्टिफिकेट बँकेच्या जोडणीला लावलेलं असेल, तर नूतनीकरण सुरळीत होईल, साइटही चालेल, आणि बँकेची जोडणी मात्र तुटेल. त्यासाठी बँकेच्या किंवा तुमच्या खासगी यंत्रणेचं वेगळं सर्टिफिकेट घ्या.

मोबाइल अ‍ॅपमध्ये सर्टिफिकेट पिन केलेलं असेल (म्हणजे ते ठरावीक सर्टिफिकेट किंवा कीच मान्य करत असेल) तर तेही याच वेळी पाहा. सर्टिफिकेटच पिन केलं असेल, तर प्रत्येक बदलाला अ‍ॅपची नवी आवृत्ती लागते, आणि जुनी आवृत्ती वापरणारे बाहेर फेकले जातात. पिन ठेवायचंच असेल तर सार्वजनिक कीवर ठेवा आणि राखीव कीचं दुसरं पिन अ‍ॅपमध्ये आधीपासून टाका. बँकेकडे नवं सर्टिफिकेट नोंदवायला त्यांचा चेंज रिक्वेस्ट फॉर्म, दोन्हीकडची चाचणी आणि ठरलेली वेळ लागते, तेव्हा जुनं संपण्याच्या महिनाभर आधी पत्रव्यवहार सुरू करा आणि बदलाच्या काळात जुनं-नवं दोन्ही चालू ठेवायला त्यांना लेखी सांगा.